शेरा

खिडकी क्रमांक तीनच्या काचेवर
कणकेच्या खळीनं चिकटवलेलं परिपत्रक.
वरचा कोपरा झुरळांनी खाल्लाय,
म्हणून पहिला नियम 'नावाने लिहू नये' इथून सुरू होतो.
कंपनीच्या. कंपनीच्या नावाने लिहू नये.
औषधाचं मूळ नाव, मोठ्या अक्षरांत, वाचता येईल असं.

डॉक्टर तोषनीवाल वाचता येईल असं लिहीत नाहीत.
त्यांचं अक्षर मला येतं,
जसं जुन्या इंदुरात अजून एखाद्याला मोडी येतं.

बाहेरचं औषध लिहू नये.
स्वतःला, घरच्यांना चिठ्ठी लिहू नये.
साधा ताप, तीन दिवस. जुना आजार, तीस.
सही नसेल तर नाही. तारीख नसेल तर नाही.
चिठ्ठी भिजलेली असली, तिला हळदीचा वास येत असला,
तर काय, ते लिहिलेलं नाही.

रामकन्याबाईंच्या चिठ्ठीला येत होता.
सांवेरच्याही पुढून दोन बस बदलून आलेल्या.
ब्लडप्रेशरची गोळी, पाच मिलिग्रॅम, रोज एक.
पुढे आकडा: साठ.

मी रांग थांबवून डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले.
ते म्हणाले, मॅडम, सोयाबीन काढणीला आलंय,
ती बाई महिन्यानं येणार नाही, तुम्हालाही माहीत आहे.
मी म्हटलं, ऑडिट तुमच्याकडे येत नाही.
त्यांनी साठावर रेघ मारली, तीस लिहिलं,
बाजूला छोटी सही केली.
खाडाखोडीवर सही हवी, नियम सहा.

बाईंनी तीन पट्ट्या पदराच्या टोकाला बांधल्या,
आणि गाठ दातांनी घट्ट केली.

आज त्याच रांगेत गेंदालाल.
तास-दीड तास उभा असणार, कारण कुणाला ओलांडून आला नाही.
खिडकीतून हात आत:
एक अख्खी पट्टी,
आणि कात्रीनं कापलेला एका गोळीचा तुकडा.
'सरकार की हे, कोई के काम अई जायगी.'

अकरा.
हातांना सवय आहे, ते आधी मोजतात.
तिसातून अकरा गेले, एकोणीस.
दिवाळीच्या आधीचा मंगळवार.
मी त्याला काही विचारलं नाही.

साठ दिल्या असत्या तर एकोणपन्नास नाही, एक्केचाळीस आल्या असत्या.
बघा, वजाबाकीही चुकले,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
नियम मात्र बरोबर निघाला.

दिलेलं औषध परत साठ्यात घेऊ नये.
दोन साक्षीदारांसमोर नष्ट करावं.
मी नानूरामला झाडू ठेवून यायला सांगितलं,
आणि इंजेक्शनच्या खोलीतून सिस्टर लीलम्माला.
आम्ही तिघं पिवळ्या पिशवीभोवती उभे,
पट्टी दाबली की गोळी टक् करून पडते,
अकरा वेळा.
मागची माणसं ओरडत होती, खिडकी बंद का?

गेंदालालला पावती हवी होती.
'म्हने तो लौटई दी', हे कुठेतरी असायला हवं.
परतीच्या पावतीचा नमुना आमच्याकडे नाही,
कधी लागलाच नाही.
त्याच्याच जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं:
अकरा गोळ्या परत मिळाल्या.
शिक्क्याची गादी सुकलेली, तिच्यावर तोंडाची वाफ दिली.
वाचून दाखवा, म्हणाला. दाखवलं.
पुन्हा एकदा, म्हणाला.
मग तंबाखूच्या बटव्यात घडी घालून ठेवली.

पाचनंतर वही उघडली.
आवक, जावक, शिल्लक, तूटफूट, मुदतबाह्य.
मुदत तर पुढच्या मार्चपर्यंत होती.
उरला शेवटचा रकाना, शेरा,
दोन बोटं रुंद.

त्यात आधी लिहिलं, रामकन्याबाई.
मग आठवलं, साठ्याच्या वहीत रुग्णाचं नाव लिहू नये.
रेघ मारली.
बाजूला छोटी सही केली.

रेघेखालून नाव वाचता येतंय.
मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.